‘तर’ आणि ‘तरच’: लॉच्या प्रवेश परीक्षेतले जर–तरचे प्रश्न (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी आठ-दहा मुलं लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला येतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी अशी सगळ्यांची त्रिस्थळी यात्रा. दरवर्षी मुलं बदलतात, अडखळण्याच्या जागा मात्र त्याच. म्हणून ते प्रश्न एकदाचे लिहून काढले. जिथे जास्त घसरगुंडी आहे तिथे मी जास्त वेळ थांबले आहे.

मॅडम, जर–तरचे प्रश्न नेमके कुठल्या परीक्षेत येतात?

सगळ्याच. क्लॅटमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, १२० प्रश्न आणि दोन तास, चुकलं की पाव गुण जातो. त्यात लॉजिकल रीझनिंग साधारण पाचवा हिस्सा, आणि लीगल रीझनिंग त्याहून थोडं जास्त. जर–तर या दोन्हींत लपलेलं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी: १५० प्रश्न, त्यातले ७० एकट्या लॉजिकल रीझनिंगचे. अमेरिकेत किंवा कॅनडात जायचं असेल तर एलसॅट. तिथे ३५ मिनिटांचे चार भाग, त्यांतल्या तिघांचेच गुण धरतात, आणि त्या तिघांपैकी दोन लॉजिकल रीझनिंगचे. चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापत नाहीत, त्यामुळे एलसॅटमध्ये एकही प्रश्न कोरा सोडू नये.

एलसॅटमधले लॉजिक गेम्स बंद झाले ना? मग हे कशाला शिकायचं?

बंद झाले, ऑगस्ट २०२४ पासून. दृष्टिहीन उमेदवारांना आकृत्या काढून सोडवण्याचे ते कोडे अन्यायाचे होते. त्यावरून दावा झाला आणि २०१९ मध्ये तडजोड झाली, त्याचा हा शेवट. पण गेम्स गेले म्हणून जर–तर गेलं नाही. त्यांच्या जागी लॉजिकल रीझनिंगचा आणखी एक भाग आला. पूर्वी नियम यादी करून समोर ठेवत, आता ते परिच्छेदात विरघळलेले असतात आणि आपणच शोधून काढायचे. म्हणजे काम वाढलंच.

अगदी सुरुवात कुठून करू?

सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारातून. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या. तर नियम असा धरू:

खाण्याच्या गाड्या लागल्या आहेत → सोन्याची दुकानं बंद आहेत.

बाणाच्या डावीकडे असतं ते ‘पुरेसं’. गाड्या दिसल्या एवढं पुरे, दुकानं बंद असणारच. उजवीकडचं ‘आवश्यक’. दुकानं बंद झाल्याखेरीज गाड्या लागत नाहीत.

आता या एका वाक्याची चार रूपं करून बघा.

मूळ: गाड्या लागल्या → दुकानं बंद. खरं.

नुसतं उलटवलं: दुकानं बंद → गाड्या लागल्या. खोटं ठरू शकतं. पहाटे सहाला जा. दुकानं बंदच असतात, पण मालपुआ कुठे मिळतो?

नुसता नकार लावला: गाड्या नाहीत → दुकानं उघडी. हेही खोटं ठरू शकतं, त्याच पहाटे सहाला.

उलटवून दोन्हींना नकार लावला: दुकानं उघडी → गाड्या लागलेल्या नाहीत. खरं. मूळ वाक्य खरं असेल तर हे खरं असतंच.

या चौथ्या रूपाला पुस्तकात कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात, आमच्या घरी ‘उलट-नकार’. परीक्षेतले निम्मे सापळे दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाचे असतात. भूमितीत ‘प्रमेयाचा व्यत्यास’ शिकलेल्यांना आठवेल: पायथागोरसचा व्यत्यासही खरा आहे, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो, फुकटात मिळत नाही. इथेही तसंच.

‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ मध्ये माझा नेहमी गोंधळ होतो. काही युक्ती?

युक्ती तुमच्याच तोंडात आहे. ती म्हणजे ‘च’.

‘पास असेल तर आत सोडतील’ आणि ‘पास असेल तरच आत सोडतील’. ही दोन वाक्यं आजीला ऐकवा, ती दोन वेगळे अर्थ सांगेल. पहिल्यात पास म्हणजे प्रवेश नक्की. दुसऱ्यात पास नसेल तर प्रवेश नाही, एवढंच सांगितलं आहे. पास असूनही उशीर झाला म्हणून परत पाठवलं तर नियम मोडत नाही.

म्हणून:
पास असेल तर आत: पास → आत.
पास असेल तरच आत: आत → पास.

‘च’ आला की बाण फिरला. ज्या अटीला ‘च’ चिकटतो ती आवश्यक अट, ती बाणाच्या टोकाला जाते. इंग्रजी वाक्यात ‘ओन्ली इफ’ किंवा ‘ओन्ली व्हेन’ दिसलं की मनात ते मराठीत आणा आणि ‘च’ कुठे पडतो ते ऐका. डोळ्यांपेक्षा कान कमी फसतो.

एक जागा मात्र कानालाही फसवते: ‘द ओन्ली’. ‘आत सोडतात ते फक्त पासवाले’ आणि ‘आत सोडलेल्यांतले फक्त काही पासवाले’ यांत फक्त ‘फक्त’ सारखं आहे. ‘द ओन्ली पीपल हू एंटर आर पास-होल्डर्स’ या वाक्यात ‘द ओन्ली’ प्रवेश करणाऱ्यांना लागला आहे, पण आवश्यक अट आहे पासाची: आत → पास. अशा वेळी पूर्ण वाक्य मराठीत फिरवा, ‘आत जातात ते पासवालेच’, आणि बघा, ‘च’ आपसूक पासाला जाऊन चिकटला.

मागे एका मुलाने कुठल्याशा क्लासच्या छापील नोट्स आणल्या होत्या. त्यात ‘ओन्ली इफ’ चा बाण उलटा छापलेला, आणि त्याने तो वर्षभर पाठ केलेला! पाठांतर असं दगा देतं. ‘च’ ऐकणारा वाक्य पाठ करत नाही, समजून घेतो.

पण रोजच्या बोलण्यात ‘तर’ चा अर्थ ‘तरच’ असाच घेतो ना आपण?

घेतो, आणि हीच या विषयाची खरी गोम आहे. आई म्हणते, ‘अभ्यास संपवलास तर सराफ्यात नेईन.’ अभ्यास नाही केला तर नेणार नाही, हे न सांगता कळतं. कारण आईचं वाक्य हे वचन आहे आणि वचनात धमकी घडी घालून ठेवलेली असते. प्रश्नपत्रिका वचन देत नाही. ती जेवढं बोलली तेवढंच बोलली. तिच्या हिशोबाने अभ्यास न करताही आई तुम्हाला सराफ्यात नेऊ शकते. पाहुणे आले म्हणून, तिलाच भुट्ट्याचा कीस खायचा झाला म्हणून.

हुशार, बोलकी, माणसांत वावरणारी मुलं इथे जास्त चुकतात असा माझा अनुभव आहे. त्यांना न बोललेलं ऐकू येतं. वकिलीत पुढे हा गुण कामाला येतो, या दोन तासांपुरता तो बाजूला ठेवायचा.

‘अनलेस’ आलं की डोकं बंद पडतं.

‘अनलेस’ खोडा आणि त्याजागी ‘जर … नाही तर’ लिहा. बस.

‘हिवाळा असल्याशिवाय गराडू (तळून खायचा कंद) मिळत नाहीत.’ हिवाळा नाही → गराडू नाहीत. उलट-नकार: गराडू आहेत → हिवाळा आहे. आणि हिवाळा आहे म्हणजे गराडू मिळतीलच का? रात्री बाराला जाऊन कढई रिकामी बघितलेला कोणीही सांगेल.

होकारार्थी वाक्यात जास्त चुका होतात. ‘पाऊस नसेल तर काका येतील’, इंग्रजीत ‘अंकल विल कम अनलेस इट रेन्स’. पाऊस नाही → काका येतील. पाऊस पडला तर? घरी सगळे म्हणतील, येणार नाहीत. परीक्षा म्हणते, माहीत नाही. काका रेनकोट घालून आले तरी वाक्य खोटं पडत नाही. ‘विदाउट’ आणि ‘अनटिल’ साठी हीच रीत.

उलट-नकार करताना ‘आणि’ चं काय होतं?

‘आणि’ चा ‘किंवा’ होतो, ‘किंवा’ चा ‘आणि’.

आमचे आजोबा पोह्यांवर शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) दोन्ही असेल तरच खातात. खाल्ले → शेव आणि जिरावण. उलट-नकार: शेव नाही किंवा जिरावण नाही → खाल्ले नाहीत. एक जरी चुकलं तरी बशी परत. मुलं लिहितात ‘शेव आणि जिरावण नाही → खाल्ले नाहीत’. मराठीत त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, दोन्ही नाहीत की दोन्ही मिळून नाहीत ते कळत नाही. म्हणून ‘नाही’ प्रत्येकाला वेगवेगळं लावा.

‘किंवा’ बद्दल एक आठवण. आपण विचारतो ‘चहा की कॉफी?’, तेव्हा एकच मिळणार असतं. तो ‘की’ आहे. परीक्षेतला ‘ऑर’ हा ‘किंवा’ आहे: किमान एक, दोन्हीही चालतील. दोन्ही चालत नसतील तर प्रश्न तसं स्पष्ट सांगतो.

‘सम’ आणि ‘मोस्ट’?

‘सम’ म्हणजे किमान एक. ‘काही मुलं पास झाली’ म्हटलं की आपल्याला काही नापास दिसू लागतात. परीक्षेत सगळी पास झाली असली तरी ते वाक्य खरंच.

‘मोस्ट’ म्हणजे निम्म्याहून जास्त. इथे मराठी आपल्याला गोत्यात आणते, कारण ‘बहुतेक’ आपण ‘कदाचित’ याही अर्थाने वापरतो: ‘तो बहुतेक येईल.’ तेव्हा मनात ‘बहुतेक’ आणू नका, ‘निम्म्याहून जास्त’ म्हणा. एक निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा: दहा मुलांतली निम्म्याहून जास्त चहा पितात आणि त्याच दहांतली निम्म्याहून जास्त बुद्धिबळ खेळतात. किमान सहा आणि किमान सहा. दहात बसवायचे तर दोघांचा तरी चहा आणि बुद्धिबळ एकत्र येणार. गट एकच असेल तरच हे चालतं. (तो ‘च’ मुद्दाम आहे.)

मला वाटतं मला हे कधीच जमणार नाही. माझं डोकं लॉजिकचं नाही.

१९६६ साली पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने लोकांपुढे चार पत्ते ठेवले. आपल्या लिपीत करू: दिसतात ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम पाळला आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटाल?

बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. चारच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. भलेभले शिकलेले लोक यात चुकले.

आता हेच इथल्या पलासियाच्या चौकात करा. नियम: गिअरची मोटरसायकल चालवत असेल तर वय १८ पूर्ण हवं. समोर चार जण: एक मोटरसायकलवर, एक पायी, एक सोळा वर्षांचा, एक चाळिशीतला. शेवटच्या दोघांकडे गाडी आहे की नाही ते दिसत नाही. कोणाला थांबवाल? मोटरसायकलवाल्याला आणि सोळा वर्षांच्याला. चाळिशीतल्याला थांबवायचं कोणाच्या मनातही येत नाही. कोडं तेच आहे. नियम कोणी मोडू शकतो असं दिसलं की डोकं चालतं. म्हणून कुठलंही अमूर्त वाक्य आलं की स्वतःला विचारा, हा नियम मोडायचा असेल तर मी काय करेन? उत्तर सापडलं की उलट-नकार सापडला.

लीगल रीझनिंगमध्ये याचा उपयोग काय? तिथे तर कायदा असतो.

कायदा म्हणजे जर–तरच. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ घ्या. संविदा म्हणजे काँट्रॅक्ट, करार म्हणजे ॲग्रीमेंट. ‘प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार संविदा नसतो’, हे वाक्य लॉच्या पहिल्या महिन्यात ऐकाल. बाण काढा: संविदा → करार. कलम १० सांगतं, करार संविदा व्हायला मुक्त संमती हवी, पक्षकार सक्षम हवेत, प्रतिफल (मोबदला) आणि उद्देश कायदेशीर हवा. यातली एक अट तुटली की ‘किंवा’ वाला नकार लागू. अल्पवयीनाशी केलेला करार आरंभापासूनच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतलं शेवटचं अपील न्यायालय) १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवलं ते याच वाटेने: सक्षमता नाही → संविदा नाही.

संविधानातलं अनुच्छेद ५८ बघा. राष्ट्रपतिपदासाठी वय ३५ पूर्ण हवं. ही आवश्यक अट. माझी पन्नाशी उलटली, अजून रायसीना हिलवरून, राष्ट्रपती भवनातून, बोलावणं नाही. आवश्यक आणि पुरेसं यातला फरक एवढाच.

कलमाच्या शेवटी ‘परंतु’ ने सुरू होणारं परंतुक असतं, त्यावर पेन्सिलीने खूण करा. प्रश्न निघतो तो तिथून. आणि परिच्छेदातला नियम खऱ्या कायद्यापेक्षा वेगळा असला तरी परिच्छेदातलाच धरायचा. ज्यांच्या घरात वकील आहेत ती मुलं इथे वाद घालतात. परीक्षकाशी वाद घालायला जागा नसते.

एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा ना.

अनंत चतुर्दशीच्या झांकीची, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्याची, तयारी चालली आहे असं समजा. मंडळाचे नियम:

देखाव्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला रात्री थांबावं लागतं. घरची परवानगी असेल तरच रात्री थांबता येतं. तालमीला आल्याशिवाय ढोल मिळत नाही. ज्याला ढोल मिळाला तो देखाव्यावर काम करत नाही. समीर देखाव्यावर काम करतो.

यावरून नक्की काय म्हणता येईल?
(अ) समीर तालमीला आला नाही.
(ब) ज्याला घरची परवानगी आहे तो देखाव्यावर काम करतो.
(क) समीरला घरची परवानगी आहे.
(ड) ज्याला ढोल मिळाला तो रात्री थांबत नाही.

बाण मांडू. देखावा → रात्र. रात्र → परवानगी (‘तरच’ आहे, बाण फिरला). ढोल → तालीम. ढोल → देखावा नाही. उलट-नकाराने देखावा → ढोल नाही.

समीरपासून चाला. देखावा, म्हणून रात्र, म्हणून परवानगी. (क) बरोबर. शिवाय त्याला ढोल नाही हेही कळलं, आणि (अ) चा सापळा तिथेच लावला आहे. ढोल नाही म्हणून तालमीला आला नाही? ढोल → तालीम एवढंच माहीत आहे. नुसता नकार लावायचा नाही हे आपण सराफ्यात पहाटे सहाला शिकलो. समीर तालमीला येऊन नुसता बघत बसला असेल. (ब) म्हणजे पूर्ण साखळी उलटी. (ड) मला आवडतो, कारण तो अर्धा खरा आहे: ढोलवाला देखाव्यावर नसतो हे खरं, पण रात्री थांबायला देखावा हेच एक कारण आहे असं कुठे म्हटलंय? तो ढोल राखायला थांबला असेल.

आता एलसॅटच्या धाटणीचा पुढचा प्रश्न: काय धरलं तर (अ) नक्की खरं ठरेल? हवा आहे ‘ढोल नाही → तालीम नाही’ हा दुवा. तो उलट-नकाराने असा: तालमीला आलेल्या प्रत्येकाला ढोल मिळतो. पर्यायांत हेच वाक्य असेल, बहुधा दुसऱ्याच शब्दांत.

प्रत्येक प्रश्नाला अशी आकृती काढू का? वेळ कुठे आहे?

नाही. क्लॅटमध्ये प्रश्नामागे सरासरी एक मिनिट, त्यात वाचनही आलं. एकच जर–तर असेल तर मनात करा. तीन किंवा जास्त दुवे असतील, किंवा एकाच वाक्यात दोन नकार असतील, तेव्हा कागदावर उतरवा, तेही एकेका अक्षरात. सरावात मात्र पहिले दोन महिने सगळं कागदावर. हात बसला की कागद आपोआप सुटतो.

पेपर इंग्रजीत, तुम्ही मराठीत विचार करायला सांगता. उशीर नाही होणार?

क्लॅटचा पेपर इंग्रजीतच असतो हे खरं. पण पूर्ण परिच्छेदाचं भाषांतर करायला मी सांगत नाही. फक्त जोडणारा शब्द मराठीत ऐका: तर, तरच, शिवाय, किंवा. बाकी वाक्य इंग्रजीतच राहू द्या. हिंदीत ‘ही’ ऐकू येत असेल तर तोही चालेल, ‘तभी’ मध्ये तोच ‘ही’ दडलेला आहे.

भंवरकुआँला, तिथल्या कोचिंगच्या गल्लीत, क्लास लावू की घरीच करू?

चाचण्या वेळ लावून सोडवायला जागा आणि सोबत हवी असेल तर लावा. जर–तर समजायला गरज नाही.

रोज किती सराव पुरे?

दहा प्रश्न, पण चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून समोर लिहायचं: नुसतं उलटवलं, नुसता नकार लावला, ‘च’ ऐकला नाही, की न बोललेलं ऐकलं. महिन्याभराने वही चाळा. एकाच रकान्यात गर्दी दिसेल. पुढचे पंधरा दिवस फक्त त्या रकान्याचे प्रश्न. गेल्या वर्षीच्या एका मुलीची वही माझ्याकडे आहे, शेवटच्या रकान्यात एकेचाळीस खुणा. ती फार चांगली ऐकणारी मुलगी आहे.